कंपनीबरोबर काम करायचंय? आधी तक्रार नीट लिहायला शिका – गॅस्ट्रोच्या डॉक्टरांसाठी

स्कोप (पोटात-आतड्यात घालायची कॅमेऱ्याची नळी) हातात नीट बसलाय, स्वतःची प्रोसिजरची लिस्ट चालू झालीये आणि आता एंडोस्कोपीची उपकरणं, म्हणजे आपली हत्यारं, बनवणाऱ्या कंपनीचे लोक "सर, एक छोटी ॲडव्हायजरी मीटिंग आहे" नाहीतर "मॅडम, नवीन क्लिप आलीये, जरा वापरून मत सांगा" म्हणत भेटायला लागलेत, अशा गॅस्ट्रोवाल्यांसाठी हे लिहितोय. काही जण कंपनीच्या माणसाला दारातच थांबवतात, काही जण त्याच्याच तिकिटावर वर्षभर कॉन्फरन्सा करतात, आणि माझ्या मते दोघंही वाया चाललेत कारण पहिल्याला हवं तसं हत्यार कधी मिळणार नाही आणि दुसऱ्याच्या मताला काही वर्षांनी कोणी विचारणार नाही. मधला रस्ता आहे पण तो शिकावा लागतो, फेलोशिपमध्ये सहसा कोणी शिकवत नाही.

आधी काम कुठे चाललंय ते बघा

कंपन्यांशी संबंध ठेवायचा की नाही हा प्रश्नच हळूहळू निकालात निघतोय, कारण आपलं कामच बदलतंय. अमेरिकेत २०१४ मध्ये कोलोगार्ड ही शौचातल्या डीएनएची टेस्ट मंजूर झाली, जुलै २०२४ मध्ये शील्ड नावाची रक्ताची टेस्ट आली, ४५ च्या पुढच्या साध्या धोक्याच्या लोकांसाठी. शील्डच्या अभ्यासात आतड्याचा कॅन्सर पकडायचं प्रमाण ८३ टक्के होतं पण कॅन्सर व्हायच्या आधीच्या पुढारलेल्या गाठी पकडायचं जेमतेम १३ टक्के, म्हणजे कोलोनोस्कोपी (स्कोपने मोठं आतडं तपासणं) कुठे जात नाहीये, पण कोणाची करायची ते बदलणार. सगळं स्वच्छ निघालं, घरी जा, अशा केसेस कमी होतील आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून पाठवलेले, आत खरंच काहीतरी काढायला असलेले पेशंट वाढतील.

दुसरीकडे जे काम सर्जन करायचे ते एंडोस्कोपीत आलंय. इनोउए यांनी जपानमध्ये २००८ साली पोएम, म्हणजे अन्ननलिकेचा स्नायू आतूनच कापणं, माणसावर पहिल्यांदा केलं, आज अचलेशियाला (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडण्याचा आजार) तो नेहमीचा पर्याय आहे. ईयूएसखाली (स्कोपच्या टोकावरची सोनोग्राफी) स्टेंट टाकून पॅनक्रियाजभोवतीचं साठलेलं पाणी पोटात काढणं, ईएसडी (गाठ खालच्या थरापासून एकसंध सोलून काढणं), एंडोस्कोपिक स्लीव्ह (वजनासाठी आतून टाके घालून पोट लहान करणं), या सगळ्यात हात कितीही चांगला असला तरी सुरी, स्टेंट किंवा शिवायचं यंत्र धड नसेल तर प्रोसिजर होत नाही. म्हणजे निम्मं कौशल्य आता हत्यारात असतं आणि ते हत्यार कोणीतरी इंजिनिअर कुठेतरी बसून बनवतोय ज्याने आयुष्यात पेशंटच्या आत स्कोप घातलेला नाही. त्याला कोण सांगणार?

तक्रारीची वही

तर पहिलं काम हे. कंपनीला तुमचं ज्ञान नको असतं, पेपर त्यांनीही वाचलेले असतात. त्यांना हवी असते तक्रार, पण नेमकी. "तुमचा स्नेअर (गाठ पकडून कापायचा वायरचा फास) बेकार आहे" याचा इंजिनिअरला शून्य उपयोग. हेच असं लिहा – उजव्या कोलनमध्ये, स्कोप आतल्या आत वळवलेला असताना, २० मिमीची सपाट गाठ, असिस्टंटने हँडल फिरवलं की स्नेअरचं टोक आधी हलतच नाही आणि मग एकदम झटका देऊन अर्धा फेरा फिरतं, दोन-तीनदा बंद करून परत उघडावा लागला, शेवटी स्कोप सरळ करून काम केलं आणि गाठ तुकड्यांत निघाली. आता इंजिनिअरला कळतं की अडचण वायरच्या पीळ पुढे पोचवण्यात आहे, वळलेल्या चॅनेलमध्ये, आणि तिचा परिणाम काय, तर एकसंध निघायची गाठ तुकड्यांत निघाली.

एक साधी वही ठेवा, नाहीतर फोनमध्ये नोट, पण पेशंटचं नाव, नंबर, फोटोवरची अक्षरं काहीही त्यात नको. लिहायचं एवढंच की कुठला स्कोप, कुठली जागा, काय करायला गेलो, काय अडलं, अडल्यावर काय जुगाड केला, आणि किती वेळ गेला. जुगाडाची नोंद सर्वात मोलाची असते हे लक्षात ठेवा, कारण डॉक्टर जिथे चिकटपट्टी लावतो, दोरा बांधतो किंवा एका कामाचं हत्यार दुसऱ्याच कामाला वापरतो तिथे बाजारात काहीतरी नाहीये. आणि महिन्याभराने वही वाचली की कळतं, जी गोष्ट सर्वात जास्त चीड आणते ती सर्वात जास्त वेळा होतेच असं नाही. डोक्यात राहिलेली केस वेगळी आणि रोज चार-चार मिनिटं खाणारी कटकट वेगळी, कंपनीला दुसरी सांगा.

नर्स आणि टेक्निशियनलाही त्यात लिहायला सांगा. हे मी विनयाने वगैरे म्हणत नाहीये, ॲक्सेसरीचं हँडल बहुतेक वेळा त्यांच्या हातात असतं आणि स्कोप धुतात ते लोक तर आपल्याला दिसतही नाहीत. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

हा काही नवीन शोध नाही. १९५० मध्ये जपानमध्ये गॅस्ट्रोकॅमेरा तयार झाला तो तात्सुरो उजी हे डॉक्टर आणि मुत्सुओ सुगिउरा हे ऑलिंपसचे इंजिनिअर एकत्र बसले म्हणून. न्यू यॉर्कमध्ये हिरोमी शिन्यांनी वायरच्या फासाची कल्पना ऑलिंपसच्याच इंजिनिअरबरोबर घडवून घेतली आणि सर्जन विल्यम वुल्फ यांच्यासोबत १९६९ पासून कोलोनोस्कोपमधून पॉलिप काढायला सुरुवात केली, त्याआधी यासाठी बहुतेकदा पोट उघडायचे. कॅप्सूलची, म्हणजे गिळायच्या कॅमेऱ्याची, गोष्ट तर अजून भारी. गॅव्हरिएल इदान हे इस्रायलमधले क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यावर काम करणारे इंजिनिअर, त्यांचे मित्र एतान स्कापा गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट, आणि स्कापांची तक्रार काय तर लहान आतडं दिसतच नाही, स्कोप तिथवर पोचत नाही. हे बोलणं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचं आणि अमेरिकेत कॅप्सूलला परवानगी मिळाली २००१ ला. मित्राजवळ केलेल्या एका चांगल्या तक्रारीला वीस वर्षं लागली, त्यामुळे पुढच्या कॉन्फरन्सपर्यंत प्रोटोटाइप येईल या भ्रमात राहू नका.

अडचण सांगा, उपाय नको

डॉक्टर इथे फार घसरतात. कंपनीत जाऊन थेट चित्र काढून दाखवतात, इथे एक हुक लावा, इथे दुसरा चॅनेल द्या. इंजिनिअर नम्रपणे मान हलवतो आणि तो हुक बनवतो, आणि मग कळतं की हुकाची गरजच नव्हती, टिश्यू ताणून धरायची गरज होती आणि ते चुंबकाने किंवा रबराच्या कडीनेही झालं असतं. स्टॅनफोर्डच्या बायोडिझाइन प्रोग्रॅममध्ये २००१ पासून हेच घोकून घेतात, आधी गरज एका वाक्यात लिहा, त्यात अडचण, पेशंट कोण आणि कुठला परिणाम सुधारायला हवा एवढंच असू दे, उपायाचा शब्दही नको. जसं की "मोठ्या सपाट गाठी काढताना खालचा थर दिसत राहील अशी सोय हवी, म्हणजे भोक पडायचं प्रमाण कमी होईल". असं वाक्य लिहायला बसा, वाटतं तितकं सोपं नाही, निम्म्या वेळा कळतं की आपली अडचण हत्याराची नाहीच, ट्रेनिंगची आहे किंवा लिस्ट कोंबून भरल्याची आहे, आणि ती कुठलीच कंपनी सोडवू शकत नाही.

बोलायच्या आधीचे कागद

कल्पना खरंच नवीन वाटतीये? मग तोंड बंद ठेवून आधी दोन गोष्टी बघा. एक, तुमच्या नोकरीच्या करारात बौद्धिक संपदेबद्दल काय लिहिलंय, कारण बऱ्याच संस्थांमध्ये तिथे काम करताना सुचलेलं संस्थेचं असतं, रात्री घरी सुचलं तरी. असा विभाग असेल तर त्यांना आधी भेटा, ते हळू चालतात हे खरंय पण नंतर भांडण्यापेक्षा बरं. दोन, कुठेही जाहीर करण्याआधी पेटंटचा अर्ज. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यावर एक वर्षाची सवलत मिळते, युरोपात सहसा ती नाहीच, म्हणजे तुम्ही उत्साहाने पोस्टर लावलंत किंवा लाइव्ह वर्कशॉपमध्ये दाखवलंत की तिथला हक्क गेला. सोशल मीडियावर टाकलेला व्हिडिओसुद्धा जाहीर करणंच असतं.

गोपनीयतेचा करार दोन्ही बाजूंना बांधणारा घ्या. मोठ्या कंपन्या पहिल्या भेटीत सही करायला बरेचदा नाही म्हणतात कारण आत त्यांचंच कोणीतरी तसल्याच गोष्टीवर काम करत असू शकतं, त्यात लगेच कपट शोधू नका, पण मग त्या भेटीत फक्त अडचण सांगा, उपाय खिशात.

कुठली टोपी घालताय

कंपनीबरोबर काम करायचे प्रकार बरेच आहेत – सल्ला देणं, इतरांना ट्रेनिंग देणं, ट्रायल करणं, शोध लावून रॉयल्टी घेणं, पैसे गुंतवणं, आणि अर्थात हॉस्पिटलसाठी खरेदी ठरवणं. यातलं काहीच पाप नाही. घोळ होतो तो एकाच उपकरणाच्या बाबतीत दोन टोप्या घातल्या की. ज्या स्टेंटची रॉयल्टी खिशात येते त्याच्या ट्रायलचा मुख्य तपासनीस तुम्ही नको, आणि ज्या कंपनीचे सल्लागार आहात तिच्या खरेदीच्या मीटिंगमध्ये तुम्ही खोलीबाहेर, नुसतं जाहीर करून आत बसून राहणं चालत नाही. "मी तटस्थ राहू शकतो" असं ज्याला ठामपणे वाटतं त्याच्याबद्दल मला सर्वात जास्त काळजी वाटते, सांगून ठेवतो.

करारात काय बघायचं? पैसे तासांवर हवेत, किती तास, कशासाठी, शेवटी तुम्ही काय द्यायचं ते लिहिलेलं हवं, आणि तुमच्या हॉस्पिटलने किती माल घेतला याच्याशी त्याचा दुरूनही संबंध नको. दर बाजाराला धरून हवा. एका संध्याकाळी जेवणासोबत "मत" दिल्याचे भरमसाठ पैसे मिळत असतील तर ते मताचे नाहीत हे कळण्याइतके आपण हुशार आहोत. रॉयल्टी असेल तर स्वतःच्या हॉस्पिटलमध्ये वापरलेल्या नगांवर ती घ्यायची नाही असं लिहून टाका, पुष्कळ ठिकाणी तसा नियमच असतो आणि नसला तरी झोप नीट लागते. ट्रायल असेल तर निकाल वाईट आला तरी छापायचा हक्क तुमचा, कंपनीला मसुदा ठराविक दिवस वाचायला मिळेल पण रोखता येणार नाही. आणि शोध असेल तर एक कलम डॉक्टर नेहमी विसरतात – कंपनीने घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं तर? ठराविक मुदतीत त्यावर काम झालं नाही तर हक्क परत, हे आधीच लिहून घ्या, कारण कंपनी विकली गेली की नवा मालक पहिल्यांदा असली छोटी प्रोजेक्टच कापतो. वकील स्वतःचा लावा, कंपनीचा वकील गोड असला तरी कंपनीचाच.

अमेरिकेत कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेले पैसे ओपन पेमेंट्सच्या सरकारी वेबसाइटवर २०१४ पासून कोणालाही बघता येतात. तुम्ही कुठेही असा, नियम असो नसो, उद्या पेशंटने ही यादी वाचली तर आपल्याला लाज वाटेल का हा प्रश्न सही करण्याआधी विचारून बघायला काही लागत नाही.

इंजिनिअरला आत आणा

मीटिंग रूममधल्या स्लाइडवरून हत्यार बनत नाही. संस्थेची आणि पेशंटची परवानगी घेऊन इंजिनिअरला प्रोसिजर बघायला बोलवा, आणि सेल्सवाल्याला नाही, इंजिनिअरला. आणि मग गप्प बसा, प्रत्येक गोष्ट समजावत बसू नका, त्याला दिसू दे की तुमचा डावा अंगठा तासाभराने कसा वाकडा होतो. स्कोपचं हँडल साधारण एकाच मापाचं येतं आणि लहान हातांच्या डॉक्टरांना, म्हणजे बऱ्याच स्त्रियांना, चाकं पोचतच नाहीत, अंगठा-मनगट-मान दुखणं हा या धंद्यातला जुना आजार आहे. प्रोटोटाइप तपासायला बोलावलं तर लहान हाताचे, डावखुरे, नवशिके असे लोक सोबत न्या. उपकरण वापरायला सोपं आहे का हे तपासायला आयईसी ६२३६६ नावाचं मानक आहे, जोखमीसाठी आयएसओ १४९७१, सगळं पाठ करायची गरज नाही पण "तुमची युझेबिलिटी टेस्ट कोणावर झाली, त्यात किती जण ट्रेनी होते" एवढं विचारलंत की समोरचा सावरून बसतो.

नंतर इंजिनिअरला धुण्याच्या खोलीत न्या. हे टाळू नका. डुओडेनोस्कोपचं (पित्तनलिकेच्या कामाचा स्कोप) प्रकरण आठवा, टोकाला एलिव्हेटर, म्हणजे हत्यार वर उचलणारा छोटा भाग, असतो, त्याच्या मागच्या बारीक खाचांत घाण राहते, कंपनीने सांगितलं तसं साफ करूनही औषधांना दाद न देणारे जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये एफडीएने (अमेरिकेचा औषध-उपकरणांचा नियामक) उघड सांगितलं की या डिझाइनमुळेच नीट सफाई अवघड होऊ शकते, २०१९ मध्ये टोकाचा भाग काढून टाकता येईल अशा किंवा डिस्पोजेबल स्कोपकडे वळा म्हणाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पहिला पूर्ण डिस्पोजेबल डुओडेनोस्कोप मंजूर झाला. आता डिस्पोजेबलमुळे कचऱ्याचा डोंगर होतोय ती वेगळी डोकेदुखी. पण ब्रश हातात धरून खाच घासणाऱ्याला डिझाइनच्या टेबलावर आधीच बसवलं असतं तर बरंच वाचलं असतं असं मला वाटतं.

एआय विकायला आलं तर

सध्या प्रत्येक कंपनीच्या बॅगेत एआय आहे. पॉलिप दाखवणारा चौकोन स्क्रीनवर येतो तो जीआय जीनियस अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये मंजूर झाला, त्याआधी २०२० च्या इटलीतल्या ट्रायलमध्ये किती टक्के पेशंटमध्ये निदान एक गाठ (ॲडेनोमा) सापडते ते प्रमाण, म्हणजे एडीआर, ४०.४ वरून ५४.८ टक्क्यांवर गेलं होतं. आकडा मोठा आहे, आणि एडीआर एक टक्क्याने वाढला की पुढे कॅन्सरचा धोका साधारण तीन टक्क्यांनी कमी दिसतो हे २०१४ पासून माहिती आहे. पण जास्तीच्या सापडलेल्या गाठींतल्या पुष्कळशा बारीक असतात, तेव्हा तो तीन टक्क्यांचा हिशोब इथे जसाच्या तसा लावून कोणी स्लाइड दाखवली तर थांबवा.

आणि २०२५ मध्ये पोलंडमधून आलेला पेपर जरूर वाचा. तिथे एआय आल्यानंतर, त्याच डॉक्टरांनी एआय न लावता केलेल्या कोलोनोस्कोपींत एडीआर २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर घसरलेला दिसला. मागे वळून बघणारा अभ्यास आहे, कारण नक्की काय ते त्यातून सिद्ध होत नाही, पण करायचं काय ते उघड आहे – एआय घ्यायच्या आधी स्वतःच्या युनिटचा एडीआर मोजा, डॉक्टरागणिक, आणि नंतर मधूनमधून चौकोन बंद करून परत मोजा. आधीचा आकडाच नसेल तर नंतर काय सुधारलं हे कंपनी सांगेल तेच खरं धरावं लागेल. शिवाय विचारा की हे कुठल्या स्कोपच्या, कुठल्या लोकांच्या व्हिडिओंवर शिकवलंय, अपडेट आलं की परत तपासणी कोण करतं, आणि आमचे व्हिडिओ तुमच्याकडे जाणार का, गेले तर कशासाठी वापरणार. शेवटच्या प्रश्नाला उत्तर लेखी घ्या. व्हिडिओ ही आता खरी संपत्ती आहे आणि बरीच हॉस्पिटलं ती सॉफ्टवेअर फुकट मिळाल्याच्या आनंदात देऊन टाकतात.

पुरावा मागायला लाजू नका

एंटेरिक्स आठवतंय का कोणाला? ॲसिडिटीसाठी अन्ननलिकेच्या खालच्या भागात एक पॉलिमर इंजेक्शनने भरायचं, २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर, सप्टेंबर २००५ मध्ये बाजारातून परत, कारण इंजेक्शन भिंतीच्या पार जाऊन गंभीर घटना घडल्या, मृत्यूसुद्धा. मंजूर झालंय याचा अर्थ विक्रीला परवानगी एवढाच. अमेरिकेत ५१०(के) या मंजुरीच्या रस्त्याने आलेलं उपकरण हे आधीच्या उपकरणासारखंच आहे एवढं दाखवून बहुतेकदा पास होतं, पीएमए या जास्त कडक रस्त्याने आलेल्याला स्वतःचा क्लिनिकल पुरावा द्यावा लागतो, त्यामुळे कुठल्या रस्त्याने आलं हे विचारणं हा अगदी साधा प्रश्न आहे. ॲसिडिटी किंवा वजनासारख्या गोष्टीत खोट्या प्रोसिजरशी तुलना केली होती का हेही विचारा, कारण नुसतं "काहीतरी केलं" यानेच पेशंटला बरं वाटायचं प्रमाण तिथे दणदणीत असतं. नवीन गोष्ट सुरू करायचीच तर पहिल्या पेशंटपासून रजिस्टर ठेवा, वाईट निकालांसकट.

कंपनीचा माणूस प्रोसिजरच्या वेळी खोलीत असेल तर पेशंटला तसं सांगा, आणि त्याने हत्याराबद्दल बोलावं, पेशंटबद्दल नाही. "सर अजून एक क्लिप मारूया" असं ऐकलं की त्याला चहा प्यायला पाठवा.

बाजारात आल्यावर

तुमच्या मदतीने बनलेलं उपकरण मोडलं, अडकलं, कोणाला इजा झाली, तर हात आखडतो, ओळखीच्या माणसांचं नुकसान होईल वाटतं. तरी करायचं ते असं: तुकडा फेकू नका, पिशवीत घालून लेबल लावून ठेवा, लॉट नंबरचा फोटो काढा, प्रोसिजरचा व्हिडिओ जपून ठेवा, हॉस्पिटलच्या पद्धतीप्रमाणे नोंद करा, कंपनीला कळवा आणि तुमच्या देशातल्या नियामकाकडे वेगळा रिपोर्ट द्या, फक्त कंपनीवर सोडू नका. ती वस्तू कंपनी "तपासायला" मागेल, द्यावी लागतेच बरेचदा, पण देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि मिळाल्याची सही घ्या.